नळ दहा दिवसांनी येतो, मग 'कोरडा दिवस' पाळायचा कसा? (डेंग्यू, हिवताप आणि आपला खान्देश)

पांझराकाठ
राम राम मंडळी. पावसाळा लागला की भिंतीवर कागद चिकटतो : 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, पाण्याची सगळी भांडी रिकामी करून घासा.' सल्ला खरा आहे, पण तो रोज नळ येणाऱ्या गावासाठी लिहिलाय. खान्देशात कितीतरी ठिकाणी नळ चार, आठ, कधी दहा दिवसांनी येतो. दोनशे लिटरचे निळे ड्रम, स्टीलच्या कोठ्या, गच्चीवरची टाकी, अंगणातला सिमेंटचा हौद, हे सगळं भरलेलं असेल तरच घर चालतं. सातव्या दिवशी ते ओतून कसं द्यायचं? आणि नाही ओतलं तर डास तिथेच होणार.

ज्यांना यातलं नीट कळतं त्यांनी मापासकट सांगा. 'स्वच्छता राखा' एवढंच नको. कोणत्या भांड्याला काय करायचं, किती, कधी आणि ते फसतं कुठे, ते हवंय.

भरीतभाकर
बरोबर शे ताई. पानी आठ दिनमा एकदाव येस. हौद वती टाका ते मंग पिसूत काय?

कीटकवही
आधी सात दिवस का म्हणतात ते सांगतो, म्हणजे कुठे सूट घेता येते आणि कुठे नाही ते कळेल.

डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास एकच, एडिस इजिप्ती. काळा, पायावर पांढरे पट्टे. तो अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. काजळाचे कण दिसावेत तशी बारीक काळी ठिपकी असतात. पाणी वर चढून त्यांना लागलं की अळी बाहेर पडते, मग कोष, मग डास. आपल्याकडच्या पावसाळी उबेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. हे चक्र सातव्या दिवसाच्या आत तोडायचं, म्हणून आठवड्यातून एकदा.

आता महत्त्वाचं. ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत, कित्येक महिने तशीच तग धरतात. म्हणजे ड्रम नुसता उपडा करून वाळवला आणि पुन्हा भरला, तर जुनी अंडी दोन-तीन दिवसांत फुटणार. पाणी ओतणं हे अर्धंच काम आहे. खरं काम भिंत घासण्याचं. काथ्या किंवा ताठ ब्रश, कपड्याची पावडर, आणि काठापासून तळापर्यंत सगळी भिंत. पाण्याची रेषा रोज खाली सरकते, त्यामुळे अंडी एकाच पट्ट्यात नसतात.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : पाणी वाचवा, भिंत वाचवू नका.

नळवेळापत्रक
कीटकवही दादांनी पाया घातला, मी ड्रमचा हिशोब मांडतो.

पाच माणसांचं घर काटकसरीनं रोज २०० ते २५० लिटर वापरतं. म्हणजे रोज साधारण एक ड्रम संपतो. नळ आला त्या दिवशी सगळे ड्रम भरले, तर पहिला ड्रम दुसऱ्या दिवशी रिकामा होतो, त्यात अळीला वेळच मिळत नाही. धोका आहे तो शेवटच्या तीन-चार ड्रममध्ये, जे सात दिवसांनंतर उघडले जातात. सगळ्यांवर सारखी मेहनत करू नका. ड्रमवर खडूनं १, २, ३ लिहा आणि त्याच क्रमानं वापरा. शेवटचे चार ड्रम भरल्या भरल्या त्याच तासात कापडानं बांधा आणि त्यांची पाळी येईपर्यंत सोडू नका. रोज जो ड्रम रिकामा होईल तो त्याच दिवशी घासून उपडा ठेवा. नळ आल्यावर घाईत कुणी घासत नाही, सगळ्यांचं लक्ष मोटारीकडे असतं.

दुसरी चूक म्हणजे भर घालणं. अर्ध्या ड्रममध्ये जुनं पाणी असताना वरून नवं भरायचं. यानं भिंतीवरची अंडी पाण्याखाली जातात आणि सगळी एकदम फुटतात. जुनं पाणी शिल्लक असेल तर पातळ सुती कापडातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढा, ड्रम घासा, मग तेच पाणी परत ओता. पाव बादलीसुद्धा वाया जात नाही. कापडात अडकलेल्या अळ्या कोरड्या मातीत झटका, गटारीत नाही.

पांझराकाठ
हे पटलं. अंगणातल्या हौदाचं काय? तो पाचशे-हजार लिटरचा असतो, गाळून काढणं शक्य नाही. आणि अळी आहे की नाही हे अंधाऱ्या हौदात ओळखायचं कसं?

कीटकवही
बॅटरी तिरकी धरून पाण्यावर झोत टाका. अळ्या उजेडाला आणि सावलीला दचकून वळवळत खाली जातात, अर्ध्या-एका मिनिटात श्वास घ्यायला परत वर येतात. म्हणून झोत टाकून लगेच निघू नका, मिनिटभर थांबा. पांढरी वाटी तिरकी बुडवून पाणी घेतलं तर आणखी स्पष्ट दिसतं. डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकलेली अळी एडिस किंवा क्युलेक्सची (गटारीतल्या डासाची). पाण्यावर काडीसारखी आडवी पडलेली अळी ॲनाफिलिसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची. स्वल्पविरामासारखे वाकडे, टुणटुण उड्या मारणारे जीव म्हणजे कोष. कोष दिसले तर एक-दोन दिवसांतच डास उडणार, लगेच हालचाल करा.

अ‍ॅबेटची_बाटली
हौदासाठी अ‍ॅबेट, म्हणजे टेमिफॉस हे अळी मारायचं औषध. आरोग्य कर्मचारी जे टाकतात ते बहुधा ५० टक्क्यांचं द्रावण असतं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा एक लिटरला एक मिलिग्रॅम. हिशोब सोपा आहे :

१००० लिटरला २ मिलि. ५०० लिटरला १ मिलि. २०० लिटरच्या ड्रमला ०.४ मिलि, म्हणजे मोजून सात-आठ थेंब, आणि चूक होते ती इथेच. अंदाजानं बाटलीचं टोपण ओततात. १० मिलिचं टोपण एका ड्रमला म्हणजे हव्या त्यापेक्षा पंचवीस पट. पाण्याला वास येतो, लोक चिडतात आणि पुढच्या वेळी कर्मचाऱ्याला दारातूनच परत पाठवतात. योग्य रीत अशी : सुई काढलेल्या सिरिंजनं १ मिलि घ्या, ९९ मिलि पाण्यात मिसळा. दुधासारखं पांढरं होतं. या पातळ द्रावणातले ४० मिलि एका ड्रमला. त्याच दिवशी संपवा, उरलेलं बाटलीत भरून कपाटात ठेवू नका.

वाळूचे दाणे (१ टक्का) मिळाले तर १०० लिटरला १० ग्रॅम, फडक्याच्या पुरचुंडीत बांधून सोडा. दोन्ही दर आठवड्याला.

आणि एक खुलासा. 'औषध टाकूनही डास निघाले, औषध बोगस' अशी तक्रार नेहमी असते. कोष काही खात नाही, त्यामुळे त्याच्यावर या औषधाचा फारसा परिणाम होत नाही. टाकताना जे कोष होते ते डास होऊनच निघतात. मोठ्या अळ्या आणि कोष दिसत असतील तर आधी गाळणं-घासणं, मग औषध.

केळीबाग
पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक टाकायला माझा विरोध आहे. माप बरोबर असलं तरी दारोदार फिरणारा माणूस दिवसाला शंभर घरं करतो, प्रत्येक ठिकाणी सिरिंज काढेल का? हौदाला गप्पी मासे सोडा. माप चुकायची भीती नाही, दर आठवड्याला आठवण ठेवायची गरज नाही.

अ‍ॅबेटची_बाटली
केळीबाग भाऊ, वापराच्या हौदाला गप्पीच, यात वाद नाही. पिण्याच्या पाण्याला मी स्वतः औषधाच्या आधी झाकणच सांगेन. झाकता येत नाही, गाळता येत नाही, तिथे औषध.

तळ्यातला_मासा
गप्पीबद्दल सविस्तर, कारण अर्धे मासे पहिल्या आठवड्यातच मरतात आणि मग लोक सोडून देतात.

मासे आरोग्य केंद्रातून किंवा पैदास केंद्रातून मिळतात. रुंद तोंडाच्या भांड्यात, त्यांच्याच पाण्यात आणायचे. आणल्याबरोबर ओतायचे नाहीत. पिशवी किंवा डबा अर्धा तास हौदात तरंगत ठेवा, मग हौदाचं थोडं थोडं पाणी त्यात मिसळा, मग सोडा. संख्या हौदाच्या काठाच्या लांबीवर : दर मीटरला पाच ते दहा. नर-माद्या मिसळून हव्यात. मादी मोठी आणि फिकट, नर लहान आणि रंगीत. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, त्यामुळे पैदास आपोआप वाढते.

मरतात ते क्लोरीननं. ज्या दिवशी नळाला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येतो त्या दिवशी हौद काठोकाठ भरू नका. जुन्या पाण्याचा निदान एक चतुर्थांश भाग मासे असलेला ठेवा, किंवा मासे बादलीत काढून नवं पाणी एक दिवस उघडं राहू द्या. हौद धुताना मासे आधी चाळणीनं काढा. वरून पोळीचे तुकडे टाकू नका, पोट भरलं की अळी शोधत नाहीत आणि पाणी नासतं.

शेततळ्यातही चालतात. पण तापी, गिरणा, नाला, नैसर्गिक तळं इथे सोडू नका. बाहेरचा मासा आहे, स्थानिक माशांची पिल्लं खातो.

गिरणाकाठ
हौद-ड्रम ठीक, पण खरी घाण गटारीत आहे. डास संध्याकाळी गटारीवर ढगासारखे असतात. नगरपालिका धुरळणी करत नाही तोवर घरातल्या ड्रमला कापडं बांधून काय होणार?

कीटकवही
गिरणाकाठ भाऊ, गटारीवरचा डास क्युलेक्स. घाण पाण्यात वाढतो, रात्री चावतो, हत्तीरोग पसरवतो. त्रास त्याचा जास्त जाणवतो, पण डेंग्यू तो देत नाही. हिवतापाचा ॲनाफिलिस विहिरी, टाक्या, कालव्याच्या कडेची डबकी, ओढ्यातली संथ पाण्याची कुंडं इथे वाढतो आणि तोही रात्री चावतो. डेंग्यूचा एडिस घरातल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो, सकाळी ऊन चढायच्या आधी आणि दुपार कलल्यावर जास्त. फार दूर उडतही नाही, शे-दोनशे मीटरच्या आतच बहुतेक फिरतो. म्हणजे तुमच्या घरातला डेंग्यूचा डास तुमच्या किंवा शेजारच्या भांड्यातून आलेला असतो, गावाबाहेरच्या नाल्यातून नाही.

गटारीसाठी उपाय वेगळे. वाहती करा. ती होत नसेल तर लाकडाचा भुसा जळक्या ऑईलमध्ये भिजवून फडक्यात गोळा बांधून साचलेल्या जागी सोडा, तवंग पसरतो आणि अळीला श्वास घेता येत नाही. विहीर, शेततळं, गुरांची हाळ यांच्या आसपास मात्र हे कधीच नाही. आणि संडासाच्या टाकीचा व्हेंट पाईप! त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. दहा रुपयांचं काम आहे, पण एका टाकीतून रोज शेकड्यांनी क्युलेक्स निघतात.

धूरगाडी
धुरळणीचं काम जवळून माहीत आहे म्हणून लिहितो. धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासाला मारतो. भिंतीवर काही उरत नाही, अळीला काही होत नाही. एडिस पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत बसलेला असतो, आणि गाडी आली की लोक दारं-खिडक्या गच्च लावून घेतात. मग तो वाचतो. करायचंच तर उलट करा : अन्न आणि पाणी झाका, लहान बाळ आणि दम्याचा माणूस लांब न्या, दारं उघडी ठेवून धूर आत येऊ द्या, पाऊण-एक तासानं घरात या. वेळ सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधी, वारा पडलेला असताना. भर दुपारी गरम हवेबरोबर धूर वर निघून जातो.

डेंग्यूचा रुग्ण निघाला तर त्याच्या घरात आणि आजूबाजूच्या घरांत फवारणी हवी, तिथे तिचा उपयोग आहे. पण दर आठवड्याला 'गाडी पाठवा' म्हणून अर्ज करण्यापेक्षा गल्लीतले ड्रम पाहायला माणूस मागा.

कूलरमिस्त्री
एका भांड्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही. कूलर! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, घरोघरी कूलर. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की बटण बंद होतं आणि टाकीत दोन-तीन इंच पाणी तसंच राहतं, थेट दिवाळीपर्यंत. खिडकीबाहेर लटकलेला असतो, कुणी पाहत नाही.

बंद करायची रीत : प्लग काढा. पाणी सोडायचं बुच तळापेक्षा जरा वर असतं, त्यामुळे अर्धा इंच पाणी उरतंच, ते फडक्यानं टिपा. तिन्ही बाजूंच्या जाळ्या काढा, जुनं गवत किंवा खस फेकून द्या, नाहीतर जाळा. पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, अंडी त्यात चिकटलेली असतात. पंप उचला, त्याच्या खाली एक खोलगट जागा असते, तिथेच अळ्या सापडतात. टाकीच्या भिंती ब्रशनं घासून एक दिवस उन्हात वाळवा. नवं गवत आता भरू नका, उन्हाळ्यात भरा. वरून ताडपत्री बांधली तर ती खोलगट होऊन तिच्यातच पाणी साचतं, म्हणून उतार ठेवून बांधा.

उमस आहे म्हणून ऑगस्टमध्येही चालवत असाल तर दर शनिवारी टाकी रिकामी करून अशीच टिपा आणि घासा. पेट्रोल-रॉकेल ओतू नका. पंपाची वायर आत आहे, ठिणगी पडली तर घर पेटेल.

फ्रिजच्या मागे खाली एक लहान ट्रे असतो, तोही ओढून बघा.

पंक्चरटेकडी
टायर! धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते भेटतात, कडेला पंक्चरच्या दुकानांवर टायरांचे ढीग. टायर उभा ठेवा, आडवा ठेवा, पाणी आत राहतंच. भोक पाडलं तरी टायर फिरला की भोक वर जातं. छपराखाली रचणं हाच पक्का उपाय. छप्पर नसेल तर मातीनं भरा. झोपडीच्या पत्र्यावर वजन म्हणून ठेवलेले टायर तर कुणाच्या डोळ्यांसमोरच नसतात. तिथे विटा ठेवा.

शेवगा
केळीच्या पानाच्या बेचक्यातही पाणी साचतं ना? मग रावेर-यावलकडे काय करणार, बागा तोडायच्या?

कीटकवही
बेचक्यात एडिसचा दुसरा भाऊ, एडिस अल्बोपिक्टस, वाढू शकतो. बागेत काम करणाऱ्यांना दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम. पण घराशेजारी दोन-चार केळी असतील आणि आत शंभर उघडे ड्रम, तर आधी ड्रम. कुंड्यांखालच्या ताटल्यांत वाळू भरा, झाडाला ओल मिळते आणि डासाला जागा उरत नाही.

भटकंतीवही
थोडं विषयांतर. ऑगस्टमध्ये पुण्याहून तोरणमाळला चाललोय, दोन मुक्काम. यशवंत तलाव, सीताखाई आणि जवळचा एक पाडा. डासांसाठी काय न्यावं?

सातपुडा
भाऊ, तुम्ही जाताय तो पट्टा हिवतापाचा. तिथे दिवसापेक्षा रात्र सांभाळा. कीटकनाशक भिनवलेली मच्छरदाणी न्या, लॉजवाल्यावर विसंबू नका. कडा गादीखाली खोचायच्या, नुसत्या लोंबत ठेवायच्या नाहीत. झोपेत हात जाळीला टेकला की डास बाहेरून चावतो, म्हणून जरा मोठ्या मापाची घ्या. संध्याकाळी शेकोटीजवळ बसताना पायमोजे आणि पूर्ण पँट. पायाच्या घोट्याला सगळ्यात जास्त चावतात.

मलमात डीट (डास पळवणारं रसायन) असेल तर २० ते ३० टक्क्यांचं घ्या, चार-सहा तास चालतं. घाम आला की पुन्हा लावा. सनस्क्रीन लावणार असाल तर आधी ते, मग मलम. कपड्याखालच्या अंगाला लावायचं नाही. मुलांच्या हाताच्या तळव्यांना नाही, ते तोंडात घालतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मुळीच नाही, त्याला जाळीच.

आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : 'सातपुड्यात दोन रात्री होतो.' हिवतापाचा ताप चावल्यापासून आठवडाभराच्या पुढे येतो, व्हायवॅक्स जातीच्या हिवतापाचा तर काही महिन्यांनीही. शहरातला डॉक्टर ऑगस्टमध्ये डेंग्यूच शोधत बसतो.

आशाताई_मंच
सातपुडा दादांनी मच्छरदाणीचं सांगितलं त्यात भर. पाड्यांवर वाटलेल्या औषधी मच्छरदाण्या टिकाव्यात म्हणून : पाकिटातून काढल्यावर एक दिवस सावलीत पसरून ठेवा, मग वापरा. धुवायची ती थंड पाण्यात, साध्या साबणानं, आपटायची नाही, सावलीत वाळवायची. साधारण वीस धुण्यांपर्यंत औषध टिकतं, कायमचं टिकत नाही. नदी-नाल्यात धुऊ नका, मासे मरतात. शेतातल्या भाजीवर किंवा मासे धरायला तर अजिबात नको.

दिवसा झोळीत झोपलेलं बाळ, हे दृश्य प्रत्येक घरात असतं आणि एडिस दिवसाच चावतो. झोळीच्या दोरीलाच वरून जाळीचा तुकडा पांघरा. खाली चार बोटं जाळी लोंबू द्या आणि झोळीखाली चिमट्यांनी एकत्र धरा.

घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर ताप असेपर्यंत त्यालाही दिवसा मच्छरदाणीत ठेवा. ही गोष्ट कुणी करत नाही. त्या दिवसांत त्याला चावलेला डास आठ-बारा दिवसांनी दुसऱ्याला आजार देऊ शकतो आणि मग जिवंत असेपर्यंत देत राहतो.

काचपट्टी
तपासणीचं थोडं. डेंग्यूची एनएस-१ तपासणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत. त्यानंतर आयजीएम ही दुसरी रक्ततपासणी. पाचव्या दिवसानंतर एनएस-१ केली आणि 'निगेटिव्ह' आली म्हणून निर्धास्त होऊ नका. हिवतापाची काचपट्टी (बोटाचं रक्त काचेवर घेऊन करायची तपासणी) किंवा किट ताप आल्या दिवशीच, आणि औषधाची पहिली गोळी घेण्याआधी. आशाताईकडे ती मोफत होते.

तुळशीवृंदावन
पपईच्या पानांचा रस दिला की प्लेटलेट्स वाढतात, हे कुणी लिहीत कसं नाही? दर पावसाळ्यात अर्धं गाव तेच पितं.

काचपट्टी
ताई, डेंग्यूत प्लेटलेट्स आधी उतरतात आणि बरं होताना आपोआप चढतात. रस नेमका त्याच दिवसांत दिलेला असतो, म्हणून श्रेय त्याला जातं. माझी हरकत वेगळीच आहे. तो रस इतका कडू असतो की आधीच मळमळणाऱ्या माणसाला उलटी होते, आणि डेंग्यूत माणूस प्लेटलेट्सपेक्षा अंगातलं पाणी कमी झाल्यानं खचतो. त्याऐवजी ओआरएस, एक पुडी एक लिटर पाण्यात, शहाळं, पेज, ताक, घोट घोट सतत. दर चार-सहा तासांनी लघवी होतेय का बघा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, दोन डोसांत सहा तासांचं अंतर. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. अंगदुखी जास्त म्हणून मेडिकलवरून 'पॉवरवाली' गोळी आणतात, त्यात बहुधा यातलंच काहीतरी असतं आणि रक्तस्राव होऊ शकतो.

सगळ्यात फसवा दिवस ताप उतरतो तो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि नेमकं तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, माणूस सुस्त किंवा बेचैन होणं यातलं काही दिसू शकतं. एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका, लगेच दवाखाना.

तुळशीवृंदावन
कळलं. रस बंद, पेज चालू.

सातपुडा
हिवतापाबद्दल नंदुरबार भागासाठी एक कळकळीची सूचना. व्हायवॅक्स हिवतापात क्लोरोक्विन तीन दिवस, आणि यकृतात लपलेले जंतू मारायला प्रायमाक्विन चौदा दिवस. ताप तिसऱ्या दिवशी जातो आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. मग दोन-चार महिन्यांनी तोच ताप परत, नवा डास न चावताही. चौदा म्हणजे चौदा.

पण गरोदर बाईला आणि वर्षाच्या आतल्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. आणि आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलबरोबरच जी-६-पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका द्रव्याची) कमतरताही आढळते. अशा माणसाला या गोळीनं रक्तपेशी फुटू शकतात. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला तर गोळी थांबवून लगेच केंद्रात जा. घरात कुणाला सिकलसेल असेल तर गोळी घेण्याआधीच सांगा.

बारडोलीकडे ऊसतोडीला गेलेली माणसं परत येतात तेव्हा ताप असो-नसो, पाड्यावर एकदा सगळ्यांची काचपट्टी घेतली तर पावसाळा हलका जातो.

मातीघर
चंडीपुराबद्दल कुणीतरी लिहा. २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत रुग्ण निघाले तेव्हा इकडे फार घाबरले होते लोक.

कीटकवही
चंडीपुरा विषाणू १९६५ साली नागपूरजवळच्या चंडीपुरा गावातल्या रुग्णांमध्ये सापडला, म्हणून ते नाव. तो मुख्यतः डासानं नाही, सँड फ्लाय म्हणजे वाळूमाशीनं पसरतो. डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, उड्या मारत उडते, मातीच्या भिंतींच्या फटीत आणि गोठ्यात राहते. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून आत शिरते. म्हणून धाब्याच्या घरांत खालच्या भिंतींच्या भेगा माती-शेणानं किंवा सिमेंटनं बुजवा, शेणाचा ढीग भिंतीला टेकवू नका, लहान मुलांना जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा. मुलाला अचानक जोराचा ताप, उलट्या आणि झटके आले तर तासही वाया घालवू नका.

पांझराकाठ
मंडळी, खूप शिकायला मिळालं. मूळ प्रश्नावर परत येते. आमच्या बचतगटाच्या बायका कानबाईच्या सणाआधी घरं झाडून-रंगवून घेतात. त्याच वेळी सगळ्या गल्लीचे ड्रम घासायचे आणि कापडं शिवायची असं ठरतंय. नळवेळापत्रक दादा, कापडाचं माप सांगा. नुसतं लुगडं टाकून दोरी बांधली तर ते मधोमध झोळ खाऊन पाण्याला टेकतं.

नळवेळापत्रक
टेकलं की संपलं. ओल्या कापडावर बसून डास अंडी घालतो आणि अळी आत जाते. दोनशे लिटरच्या ड्रमचं तोंड साधारण ५८ सेंटिमीटर रुंद, घेर १८० च्या आसपास. ९० सेंटिमीटरचा चौकोन कापा, जुन्या धोतराचा असेल तर दुहेरी. नायलॉन जाळी घ्याल तर भोक सव्वा मिलिमीटरपेक्षा मोठं नको. कडेला नेफा शिवून १५० सेंटिमीटर इलॅस्टिक ओवा, टोपीसारखी बसते. ड्रम काठोकाठ भरू नका, चार बोटं जागा सोडा. पाऊस पडणाऱ्या जागी ड्रम असेल तर कापडावर उतरतं झाकणही हवं, नाहीतर कापडाच्या खळग्यातच डबकं होतं.

कूलरमिस्त्री
इलॅस्टिक वर्षभरात सैल पडतं. लहान मुलांच्या २० इंची सायकलची जुनी ट्यूब घ्या, ती ड्रमवर ताणून घट्ट बसते. मोठ्या सायकलची ढिली होते, ती कापून गाठ मारावी लागते. कोणत्याही पंक्चरवाल्याकडे पडलेल्या असतात.

पंक्चरटेकडी
ताई, लागतील तेवढ्या ट्यूब घेऊन जा. तेवढंच दुकानाबाहेरचं सामान कमी होईल.

भरीतभाकर
आते बठ्ठं समजनं. उद्या नळ येवाना शे, आज रातले ड्रम घासूत.

पांझराकाठ
आणि स्टीलची कोठी? तिचं झाकण पक्कं बसतं, पण तोटीशेजारी खाली जे तसराळं ठेवतो त्यात थेंब थेंब पाणी साचत राहतं.

कीटकवही
तेच बघा आधी. झाकलेल्या कोठीपेक्षा त्या तसराळ्यात अळी लवकर सापडेल. रोज रात्री उपडं करा, रविवारी काथ्यानं घासा, आणि तोटीचा वायसर बदला.